टिकणं वेगळं, रमणं वेगळं

"आजकालच्या पोरांना कंपनीबद्दल काही वाटतच नाही. दोन वर्षं झाली की मारली उडी!" हे आमच्या काकांचं आवडतं वाक्य. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली, त्यामुळे बोलायचा अधिकार त्यांना आहेच. पण मुद्दा काही पटत नाही.

आधी आकडे बघू. २०२२ च्या जून तिमाहीत इन्फोसिसचा अ‍ॅट्रिशन रेट २८.४ टक्के होता. २०२४ च्या मार्च तिमाहीत तोच १२.६ वर आला. दोन वर्षांत आमच्या पिढीला कंपनीचं एवढं प्रेम आलं काय? छे! बाहेरच्या ऑफर आटल्या, एवढंच. माणूस टिकला म्हणजे रमला असं नाही. एचआरच्या स्लाईडवर मात्र दोन्ही सारखंच दिसतं.

काकांच्या वेळी तरी काय होतं? पर्मनंट नोकरी म्हणजे घर, लग्न, सगळंच. सोडून जाणार कुठे? तरीही काका नुसते टिकले नाहीत, रमले. आजही क्रांती चौकात सिग्नलला थांबलो की समोरच्या रिक्षाकडे बोट दाखवतात, "हिचा ब्रेक ड्रम आमच्या लाईनवरचा असणार बघ." आपलं काम रस्त्यावर पळताना दिसतं त्यांना.

आणि आम्हाला? मी ज्या मॉड्यूलवर काम करतो ते नक्की कोण वापरतं, हे पहिली दोन वर्षं मला कुणी सांगितलंच नाही. तिकीट आलं, फिक्स केलं, क्लोज. मग नवीन मॅनेजर आले आणि आम्हा तिघांना चाकणच्या एका गोदामात घेऊन गेले. तिथल्या सुपरवायझर ताई म्हणाल्या, "हातमोजे घातले की तुमचं हे बटण दाबलंच जात नाही हो. दरवेळी काढायचे, परत घालायचे." दोन दिवसांचं काम होतं, आम्ही बटण मोठं केलं. तेव्हापासून रात्री अकराला सर्व्हर पडला तर आम्ही कुणाच्या फोनची वाट बघत नाही. तिकडे लोक खोळंबलेत, हे डोळ्यासमोर येतं.

पगार महत्त्वाचा नाही असं मुळीच नाही. पुण्यात घरभाडं भरणाऱ्याला ते सांगायला नको. कमी पगाराने माणूस जातो, पण नुसत्या हाईकने तो मनाने येत नाही. आणि जन्मभराची निष्ठा तर कुणी मागूच नये. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, ते आपल्या शहराने पाहिलंय. कंपनी जन्मभराची हमी देऊ शकत नाही, मग आम्ही तरी कशी द्यावी? जितके दिवस आहोत तितके दिवस जीव ओतून काम करू, हा सौदा मात्र प्रामाणिक आहे.

तेव्हा समस्त मॅनेजर लोकहो, पुढचं टीम आउटिंग रिसॉर्टवर नको. आपलं सॉफ्टवेअर जिथे चालतं तिथे एक दिवस घेऊन चला.

आणि हो, कंपनीचा टी-शर्ट नको. आधीचे चार तसेच पडलेत :)