चिघळलेली जखम आणि औषधांचा बाजार

चेन्नईच्या दक्षिणेस, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर सिरुसेरी आहे. तमिळनाडू सरकारच्या सिपकॉट महामंडळाने तेथे उभारलेल्या औद्योगिक क्षेत्रात संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींबरोबरच मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनची प्रयोगशाळाही आहे. या संस्थेच्या पुढाकाराने व भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे त्यांत आढळले. याच पाहणीच्या २०१७ मधील निष्कर्षांनी आणखी एक गोष्ट उघड केली होती. पुढारलेल्या राज्यांच्या शहरांत मधुमेहाचे प्रमाण सुखवस्तू लोकांपेक्षा गरिबांत अधिक आहे. म्हणजे ‘श्रीमंतांचा रोग’ आता झोपडपट्टीत पोचला आहे.

मधुमेही श्रमिकाच्या पायाला खिळा लागतो. पायाची संवेदना मंदावलेली असल्याने जखम वेळेवर कळत नाही. कळली तरी सुट्टी घेतली की मजुरी बुडते. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. अशा जखमांत वारंवार सापडणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

जंतूची दुहेरी नीती

हा जंतू अनेक निरोगी माणसांच्या नाकात व त्वचेवर निमूटपणे राहतो. जखमेतून आत शिरला की तो विषारी द्रव्ये सोडून पेशी फोडतो, पू निर्माण करतो आणि रक्तात गेल्यास प्राणही घेतो. मात्र जुनाट विकारात त्याचे वर्तन पालटते. तेथे तो विषाचा मारा आवरतो, हाडाला किंवा शरीरात बसवलेल्या धातूच्या पट्टीला चिकटतो आणि स्वतःभोवती चिकट आवरण विणतो. त्यातील काही जंतू अत्यंत मंद गतीने वाढतात, काही शरीराच्या पेशींतच दडतात. पेनिसिलिनच्या जातीची औषधे वाढत्या जंतूची भिंत बांधू देत नाहीत. जो जंतू वाढतच नाही, त्याच्यावर त्यांचा प्रभाव कसा पडणार? म्हणून अशा रुग्णाला केवळ गोळ्या पुरत नाहीत. पुवाची तपासणी, शस्त्रक्रियेने जखमेची सफाई आणि कित्येक आठवड्यांचे उपचार लागतात.

यावर औषध-प्रतिकाराची भर पडली आहे. पेनिसिलिनचे अपुरे डोस जंतूंना निर्ढावतील, असा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच दिला होता. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर उपाय म्हणून मेथिसिलिन आले, तर १९६१ मध्ये इंग्लंडमधून त्यालाही दाद न देणाऱ्या जंतूची नोंद झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देखरेख-जाळ्यातील रुग्णालयांत २०२१ मध्ये तपासलेल्या स्टॅफिलोकॉकसपैकी ४० टक्क्यांहून अधिक जंतू या प्रकारचे होते. जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात ‘बंगालचा उपसागर’ या नावाने ओळखला जाणारा एक बहुऔषध-प्रतिकारक वाण तर भारतीय उपखंडातच उपजला आणि रुग्णालयाबाहेरच्या वस्त्यांतही पसरला.

अपराधी कोण?

या परिस्थितीचे खापर नेहमी रुग्णाच्या माथी फोडले जाते. गरीब माणूस अडाणी आहे, तो डॉक्टरकडे न जाता दुकानातून गोळ्या घेतो, औषधाचा क्रम अर्ध्यावर सोडतो, असे सांगितले जाते. हे घडते, यात शंका नाही. परंतु ज्याला डॉक्टरची फी आणि दिवसाची मजुरी यांतून एकच निवडता येते, त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणता? पाच दिवसांच्या गोळ्यांपैकी दोन दिवसांच्याच परवडतात, हा अडाणीपणा नसून दारिद्र्य आहे.

औषध कंपन्यांना मात्र अज्ञानाची सबब सांगता येत नाही. एम्पिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन यांचे मिश्रण आपल्या बाजारात वर्षानुवर्षे खपवले गेले. बहुतेक स्टॅफिलोकॉकस एम्पिसिलिनचा निकाल लावतात आणि मेथिसिलिनला न जुमानणारे जंतू तर दोहोंनाही. तरीही रुग्णाने दोन औषधांचे दाम मोजावयाचे! डॉक्टरांना भेटी देऊन विक्री वाढवण्याच्या प्रथेवर बंधन घालणारी संहिता २०२४ मध्ये पुन्हा जाहीर झाली, पण तिची अंमलबजावणी उद्योगाच्याच संघटनांकडे सोपवण्यात आली. कुंपणालाच शेताची राखण दिली गेली.

२०१२ मध्ये चेन्नई येथे देशातील वैद्यकीय संघटनांनी एकत्र येऊन प्रतिजैविकांच्या बेबंद वापराविरुद्ध जाहीरनामा काढला. अनेक खेड्यांत डॉक्टरच नसताना चिठ्ठीशिवाय विक्रीवर सरसकट बंदी व्यवहार्य नाही, याचे भान त्यात होते. पुढे मार्च २०१४ पासून निवडक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद सक्तीची झाली. डाव्या लोकशाही आघाडीच्या केरळ सरकारने २०१८ मध्ये देशातील पहिला राज्यस्तरीय कृती-आराखडा आणला. तपासनीस आणि प्रयोगशाळा पुरेशा नसतील तर कायदा कागदावरच राहतो, हे इतर राज्यांनी ओळखणे अगत्याचे आहे.

पिंपरीचा धडा

प्रश्न उत्पादनाचाही आहे. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने हृषीकेशला प्रतिजैविकांचा आणि मद्रासला शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा सरकारी कारखाना उभा राहिला. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने यांपैकी पिंपरीचा कारखाना विकण्याचा आणि हृषीकेश व मद्रासचे कारखाने चालवणारी आयडीपीएल बंद करण्याचा निर्णय घेतला. इकडे पेनिसिलिनच्या मूळ द्रव्यासाठी देश चीनच्या आयातीवर विसंबला. मग २०२० मध्ये त्याच उत्पादनासाठी खाजगी कंपन्यांना सरकारी तिजोरीतून प्रोत्साहन देण्याची योजना आली. सार्वजनिक क्षेत्राला उपाशी मारावयाचे आणि त्याच पैशाने खाजगी क्षेत्राचे भरणपोषण करावयाचे, हीच ती नीती.

नफ्याच्या हिशोबात प्रतिजैविक हे गैरसोयीचे औषध आहे. ते जितके कमी वापरावे तितके जनतेच्या हिताचे आणि जितके अधिक खपावे तितके भांडवलदाराच्या हिताचे. ही विसंगती उपदेशाने मिटणार नाही. सरकारी खरेदीने हे साधते, याचा नमुना तमिळनाडूच्याच वैद्यकीय सेवा महामंडळाने १९९४ पासून घालून दिला आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पुवाच्या तपासणीची प्रयोगशाळा विनामूल्य उपलब्ध व्हावी. मधुमेहींच्या पायाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी. कंत्राटी व बांधकाम कामगारांना आजारपणाची भरपगारी रजा मिळावी. निरर्थक मिश्रणे बाजारातून हटवावीत, विक्रीसंहितेला कायद्याचे बळ द्यावे आणि पिंपरीचा कारखाना सार्वजनिक मालकीत ठेवून पूर्ण क्षमतेने चालवावा. औषध विक्री प्रतिनिधींच्या फेडरेशनने न्यायालयापर्यंत नेलेल्या लढ्याला कामगार, महिला व युवक संघटनांनी साथ दिली, तर हा प्रश्न डॉक्टरांच्या परिषदांतून निघून जनतेच्या दारात येईल. सिरुसेरीच्या इमारती उभारणाऱ्या मजुराला त्याच औद्योगिक क्षेत्रात जमा झालेल्या ज्ञानाचा लाभ मिळू नये, ही व्यवस्था बदलल्याखेरीज ही जखम भरून येणार नाही.