विहिरीची पाळी

माझी मावशी दिली ती थेट फोपनारला. बुऱ्हाणपूर जिल्हा, मध्य प्रदेश. तिथल्या बोलण्यात मराठी नि हिंदी अशी मिसळलेली, की आपल्या घरातल्या मराठी-कानडीची आठवण यावी. सगळा केळीचा मुलूख. या गावच्या शिवारात १९६४ साली बुद्धाच्या सात कांस्यमूर्ती सापडल्या. त्या आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मावशीला विचाराल, तर ती मूर्तींचं नव्हे, विहिरीचंच सांगेल.

विहीर सामाईक. अर्धी काकांची, अर्धी शेजारच्या चाचांची. पंधरा वर्षांमागं एका उन्हाळ्यात काका दवाखान्यात होते. तेव्हा चाचांनी आमच्या पाळीचं पाणी आपल्या बागेला फिरवलं. सलग आठ रात्री. घडावर आलेली मावशीची केळी करपून गेली. काका बरे होऊन आले, पण चाचांशी पुन्हा बोलले नाहीत. सहा वर्षांनी गेले, ते तसेच.

यंदा एप्रिलमध्ये मी तिथं असताना चाचा दारात आले. हजला निघालेले. निघण्याआधी घरोघर जाऊन ‘कहा-सुना माफ करना’ म्हणायची रीत आपल्या भागातही आहे. (कानडीत आपण नुसतं ‘तप्पायितु’ म्हणतो, चूक कबूल केली की माफी मागून झालीच!) मला वाटलं, दोन शब्द बोलतील, चहा घेतील, जातील. पण म्हातारा उंबऱ्याबाहेरच बसला आणि खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढले. “भाभी, त्या सालचा केळीचा हिशेब.”

मावशी काहीच बोलेना. मग मीच म्हटलं, “चाचा, अल्लाह तर रहमान. एवढी भीती कशाची?”

चाचांनी मला बसवून सांगितलं. कुराणाचे अध्याय ११४. एक सोडला तर सगळ्यांच्या आरंभी रहमान आणि रहीम ही नावं. दयेचे शंभर भाग केले, त्यातला एकच पृथ्वीवर पाठवला. शिंगराला लागू नये म्हणून घोडी खूर उचलते, ती त्या एकातली माया. बाकीचे नव्व्याण्णव त्या दिवसासाठी राखून ठेवलेत. पण पहिल्याच अध्यायात या दोन नावांच्या पाठोपाठ निवाड्याच्या दिवसाचा मालक येतो. फर्ज नमाजांतच दिवसाकाठी १७ वेळा हे म्हणायचं. “रोज म्हणतो बेटी, आणि रोज तिथंच अडखळतो.”

नमाज चुकली, रोजा राहिला, तर ते देणं अल्लाहचं. पश्चात्ताप खरा असला तर तो ते सोडून देईल. माणसाचं बुडवलं, ते मात्र ज्याचं त्यानंच सोडायचं. पैगंबरांनी एकदा सोबत्यांना विचारलं होतं, दिवाळखोर कोण? ज्याच्यापाशी पैसा नाही तो, असं ते म्हणाले. पैगंबरांनी सांगितलं, नमाज-रोजांची रास घेऊन येणारा, पण कुणाला शिवी दिलेला, कुणाचं खाल्लेला. त्याचं पुण्य त्या लोकांना वाटलं जाईल आणि ते संपलं की त्यांची पापं त्याच्या माथी येतील.

“तुझे काका,” चाचा म्हणाले, “माझी सगळी हज घेऊन जातील.”

खरं सांगते, मला तोवर वाटायचं की दया आणि न्याय म्हणजे तराजूची दोन पारडी, एक वर गेलं की दुसरं खाली. इथं तसं दिसेना. अल्लाहनं आपल्याला माफ करावं अशी आस असलेला माणूस आधी आठ रात्रींच्या पाण्याचा हिशेब घेऊन आला होता.

मावशी शेवटी बोलली. “माझ्यापुरतं मी कधीच सोडलं. पण ह्यांचं मी कसं सोडू?” चाचांनी मान खाली घातली. म्हणाले, “मेलेल्याचं देणं वारसांकडं येतं, म्हणून तर तुमच्याकडं आलो.”

मावशीनं पैसे घेतले, मोजले, त्यातले निम्मे परत त्यांच्या हातात दिले. त्याच साली एका रात्री तिनं चाचांच्या मोटारीचा फ्यूज काढून नाल्यात फेकला होता, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मलाही ठाऊक नव्हतं. चाचा हसले की रडले, मला नीट कळलं नाही.

मग तिनं त्यांना आत बोलावलं, चहा ठेवला. निघताना म्हणाली, “तिथं उभे राहाल, तेव्हा ह्यांचंही नाव घ्या. ह्यांचाही राग फार होता.”