दोन हजार आठशे चाळीस!

शनिवारी रात्री दोन वाजता रूममेटनं हाक मारली तेव्हा मला वाटलं, अ‍ॅसिडिटी. पार्टीहून आलेल्या माणसाचं पोट दुखतंय म्हटल्यावर आपण काय देतो? इनो! मीही दिला. पण दुखणं थेट पाठीत जात होतं, उलट्या थांबेनात. मग रिक्षा, कॅज्युअल्टी, आणि पहाटे निदान : अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस. स्वादुपिंडाला सूज. (दहावीला हा अवयव आम्ही ऑप्शनला टाकला होता. त्यानं बरोबर लक्षात ठेवलं.)

रिपोर्टात लायपेज २,८४०! माझे हातपाय गार. शेजारच्या कॉटवरच्या काकांचं त्याच आजारात फक्त ६००. त्यांच्या मुलाला मी म्हटलंसुद्धा, ''तुमचं काय बॉस, सहाशेच तर आहे. टेन्शन नको.''

हे वाक्य मला अजून छळतंय.

राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडमना मी तो आकडा दाखवला, तर त्यांनी बघितलाही नाही. ''हे बघ, नॉर्मलच्या तिप्पट गेलं की लायपेजचं काम संपलं. आजार कुठला, ते त्यानं सांगितलं. किती बिघडणार, ते त्याला कळत नाही.''

मग कुणाला कळतं? तर मंडळी, ज्यांच्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही त्या साध्यासुध्या टेस्टना. एक हिमॅटोक्रिट. सूज वाढली की रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं आणि मागे उरलेलं रक्त दाट होतं. आकडा ४४ च्या वर गेला आणि सलाइन देऊनही उतरला नाही, की डॉक्टर सावध होतात. दुसरी बीयूएन. ती पहिल्या २४ तासांत चढत गेली तर लक्षण वाईट. (लॅबनं बीयूएन लिहिलंय की यूरिया, ते आधी बघा. यूरियाचा आकडा दुपटीहून थोडा मोठाच असतो. मी उगाच एकदा घाबरून घेतलं.) सीआरपी मात्र आरामात उठणारा प्राणी. ४८ तासांनी तो १५० च्या वर असेल तर काळजी, पहिल्या दिवशीचा फारसा उपयोगाचा नाही.

१९७४ मध्ये रॅन्सन नावाच्या सर्जननं याच कामासाठी ११ निकषांची यादी केली होती, पण ती पूर्ण व्हायलाच ४८ तास लागायचे. आता बिसॅप नावाचा पाचच मुद्द्यांचा स्कोअर २४ तासांत निघतो, आणि त्यातही बीयूएन आहेच. अर्थात यातलं काहीच पत्रिका नव्हे. दहातले आठ पेशंट तसेही आठवडाभरात बरे होतात. पण उरलेले दोन कोण, ते लवकर कळलं तर आयसीयूतला बेड वेळेत मिळतो.

रूममेटचं बीयूएन १६ वरून १२ वर आलं, हिमॅटोक्रिटही उतरलं. बुधवारी त्यानं डाळभात खाल्ला आणि ऑफिसात सगळ्यांना २,८४० चा मेसेज टाकला. शायनिंग, दुसरं काय!

काकांचं बीयूएन एका दिवसात २४ वरून ३८ झालं होतं. सोमवारी दुपारीच त्यांना आयसीयूत हलवलं. त्यांचा मुलगा कॅन्टीनमध्ये भेटला. तो म्हणाला, ''पण लायपेज तर दोनशेवर आलंय यार.'' मी त्याच्या हातातला कागद घेतला आणि खालची ओळ शोधायला लागलो. बीयूएन ३५. कालच्यापेक्षा तीननं कमी. त्याला तेवढंच दाखवलं.