किल्ले धारूर

माजलगावाहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता काळ्या जमिनीच्या शिवारांतून बराच वेळ सपाटीने जातो. तेलगाव मागे पडले, की बालाघाटाची रांग आडवी येते आणि घाट चढून गेल्यावर धारूर लागते. गाव लहानसेच, पण लोक त्याचे नाव ‘किल्ले धारूर’ असेच घेतात.

विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार किश्वरखान लारी याने १५६७ च्या सुमारास हा किल्ला बांधला. तीन अंगांस खोल दऱ्या, उरलेल्या बाजूस खंदक आणि आत पाण्याचे तलाव, अशी त्याची रचना. तथापि बांधणाऱ्यास तो फार दिवस लाभला नाही. थोड्याच वर्षांत अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने वेढा घातला आणि किश्वरखान बाण लागून पडला. पुढे १६३१ मध्ये मोगलांनी किल्ला घेतला. तोफा केव्हाच थंडावल्या. आता तटाशी झुंजतात ती पिंपळाची मुळे आणि पावसाचे पाणी.

ढासळलेल्या तटाचा आज उपयोग काय, असे पुष्कळांस वाटते. जर्मनीतील हायडेलबर्गच्या नागरिकांनाही एके काळी तसेच वाटले होते. तेथील राजवाड्यावर १७६४ मध्ये वीज कोसळली, तेव्हा लोक त्याचे दगड घरे बांधण्यास नेऊ लागले. १८१० मध्ये शार्ल द ग्रेंबेर्ग हा चित्रकार तेथे आला, त्याने या लुटीस विरोध केला आणि उरलेल्या भिंतींची चित्रे काढून ती जगाला दाखविली. गंमत अशी, की ग्रेंबेर्ग फ्रेंच होता आणि १६८९ व १६९३ मध्ये तो वाडा उद्ध्वस्त केला होता फ्रेंच सैन्यानेच! पुढे एक महाल तेवढा दुरुस्त झाला. बाकीचे भग्नावशेष जसेच्या तसे जपले गेले.

धारूरलाही हाच मार्ग योग्य होय. पडलेला तट नव्याने उभारला, तर तो किश्वरखानाच्या काळचा राहणार नाही. उभा आहे तो मात्र पडू देता कामा नये.

जिल्ह्यात पाण्याची टंचाई असताना दगडांवर पैसा का खर्चावा, असे कोणी विचारील. प्रश्न खोटा नाही. परंतु डोंगरमाथ्यावर पाणी साठवून शिबंदीची तहान भागवावी कशी, हे ज्यांनी जाणले, त्यांचे तलाव याच किल्ल्यात आहेत. दुरुस्तीचा पहिला रुपया तटावर नव्हे, त्या तलावांतील गाळावर खर्च व्हावा.