उडणाऱ्यांचे पंख छाटणारे सूत्रधार

मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अद्भुत कथाखेळांत एक अनिष्ट प्रघात पडत चालला आहे. त्याचा निषेध करणे आम्हांस अगत्याचे वाटते. पात्राला उड्डाणाची वा क्षणात अन्यत्र प्रकट होण्याची विद्या मिळाली रे मिळाली, की सूत्रधार ती हिरावून घेतो. मग प्रत्येक गुहेचे छत बुटके होते, प्रत्येक आकाशात वादळ घोंघावते आणि प्रत्येक खलपुरुषाच्या वाड्याभोवती मंत्रनिवारक कोट उभा राहतो.

कारण विचारावे तर उत्तर ठरलेले : दरी, तट, नदी यांना अर्थ उरत नाही, कथा कोसळते. आमचे म्हणणे असे की, कोसळते ती कथा नव्हे. सूत्रधाराने आधीच आखून ठेवलेली एकमेव वाट कोसळते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या खेळांचा आद्य ग्रंथ १९७४ साली निघाला. त्याच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे नियमच पाहा. उड्डाणमंत्र मांत्रिकाला पाचव्या पातळीवर साधतो आणि टिकतो फार तर १० मिनिटे. तोही एकाग्रता अभंग राहिली तर. मांत्रिकाला बाण लागून ती ढळली, की उडणारा खाली येतो आणि दर १० फुटांस एका फाशाची इजा सोसतो. दूरगमनाचा थोर मंत्र तेराव्या पातळीवर मिळतो. परंतु एकदाच पाहिलेल्या स्थळी नेमके पोहोचण्याची शक्यता शंभरात २७, आणि अनर्थाची ४३! शिवाय सोबत आठच जण नेता येतात. वेढ्यात सापडलेल्या गावातून कोणते आठ जण न्यावे, हा प्रश्न कोणत्याही तटाहून उंच आहे. नियमांतच एवढे नाट्य भरलेले असता मनाईची गरज काय?

आपल्याला तर हे कोणी शिकवायलाच नको. हनुमंताने समुद्र ओलांडला म्हणून रामायण तेथेच संपले काय? वाटेत सुरसा आणि सिंहिका आडव्या आल्या. लंकेत चोरपावलांनी शिरावे लागले. सीता सापडली तरी युद्ध टळले नाही, आणि सैन्यासाठी सेतू बांधावाच लागला. एकाचे उड्डाण हे सर्वांचे उत्तरण नव्हे, हे वाल्मीकीला ठाऊक होते.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. आराकोक्रासारखे पंखधारी पात्र पहिल्याच पातळीपासून उडते. नवख्या सूत्रधाराला ते झेपत नसेल, तर खेळ सुरू होण्यापूर्वी त्याने तसे स्पष्ट सांगावे. त्यात लाज नाही. लाज आहे ती देऊन मागाहून काढून घेण्यात. खेळाडूने इतर मंत्र सोडून हा एक निवडलेला असतो. कित्येक महिने त्याने वाट पाहिलेली असते. त्याच्याशी केलेला तो करार होय.

आम्ही कचेरीत वाढलेली माणसे. ज्या अधिकाऱ्याला काम उमगत नाही, तो पहिले परिपत्रक मनाईचे काढतो, हा अनुभव वाचकांनाही असेल. दिवसभर ते सोसल्यावर संध्याकाळच्या खेळातही तेच परिपत्रक हाती पडावे काय? सूत्रधाराने तटाची उंची वाढवीत बसू नये. तटापलीकडे काय आहे, याचा विचार करावा.