घाट उतरण्याचा बेत

दिवाळीचा फराळ संपत आला, डब्याच्या तळाशी चिवड्यातले नुसते शेंगदाणे आणि तिखटमीठ उरले, की मध्यमवर्गीय घरांत बेतांचा हंगाम सुरू होतो. कोणी महाबळेश्वरचा बेत करतो, कोणी गोव्याचा. त्यांतले बहुतेक बेत बैठकीच्या खोलीत जन्माला येतात आणि तेथेच त्यांचे बारसे आणि बारावे उरकते. आमच्या घरचा यंदाचा बेत मात्र अजून धुगधुगी धरून आहे. बेत असा, की एका दिवसात पायी हद्द ओलांडायची.

याचे मूळ आमच्या कन्येच्या वाचनात आहे. अमेरिकेत अॅपलेशियन डोंगरांच्या माथ्यामाथ्याने जाणारी एक वाट आहे. बेंटन मॅकाय नावाच्या गृहस्थाने १९२१ साली तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली ती सलग झाली. चौदा राज्यांतून जाणारी ही वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे. झाडांवर पांढरे पट्टे रंगवलेले असतात, ते पाहत चालायचे. सगळी वाट चालायला महिनेच्या महिने लागतात; पण सुटीच्या दिवशी एका राज्यातून निघून दुपारी दुसऱ्या राज्यात उतरणारे हौशी लोकही पुष्कळ. ते एक मोटार या टोकाला ठेवतात आणि एक त्या टोकाला, म्हणजे परतीची चिंता नको.

"बाबा, आपल्याकडे नाही का अशी वाट?" कन्येने विचारले.

आता मराठीच्या प्राध्यापकाला असा प्रश्न विचारणे म्हणजे व्याख्यानाला आमंत्रणच. मी म्हटले, "आहे तर! आणि ती आपल्या दारावरून जाते." आम्ही तळेगावात राहतो. सकाळच्या लोकलने लोणावळा गाठावे, तुंगार्ली आणि वळवण मागे टाकून पंधरा-सोळा किलोमीटर चालावे, की राजमाची येते. माचीवर उधेवाडी हे गाव, आणि गावाच्या डोक्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. तेथून पश्चिमेला रान उतरत गेले, की कोंढाण्याची लेणी आणि पायथ्याचे कोंदिवडे. पुढे टमटम मिळाली की कर्जत. सकाळी मावळात आणि संध्याकाळी कोकणात! ज्यांना एवढ्याने भागत नाही ते माचीवरून उत्तरेला वळतात आणि कुसूर पठारावरून मुक्काम करीत भीमाशंकरापर्यंत जातात. आमची उडी अर्थात एका दिवसाची.

राहिला दोन मोटारींचा प्रश्न. आमच्याकडे एक स्कूटर आहे आणि ती चढावर कुरकुरते. परंतु ही अडचण फार पूर्वी सुटलेली आहे, कारण लोणावळा आणि कर्जत ही दोन्ही टोके एकाच लोहमार्गावर आहेत. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी आली ती १८५८ साली, आणि बोरघाटातला रूळ पुरा झाला तो १८६३ साली. सुमारे अठराशे फुटांचा तो चढ. मधली पाच वर्षे मुंबईच्या उतारूंनी घाटाखाली गाडी सोडायची, पालखीतून, डोलीतून नाहीतर पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरायची. आम्ही जो बेत हौसेने करीत आहो तो त्या बिचाऱ्यांना तिकीट काढून करावा लागे.

बेत ठरला म्हणजे नकाशा आला, आणि नकाशा आला म्हणजे वाद आला. हद्द नेमकी कोठे ओलांडायची? सरकारचे उत्तर सोपे आहे. वर मावळ तालुका, पुणे जिल्हा. खाली कर्जत तालुका, रायगड जिल्हा, ज्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. ही रेघ माचीखालच्या उतारावर रानातून जाते. तेथे नाका नाही आणि कोणी पिशवी उघडून पाहत नाही. एक पाऊल एका जिल्हाधिकाऱ्याच्या अमलात आणि दुसरे दुसऱ्याच्या, एवढेच.

पाण्याला मात्र ही हद्द मान्य नाही. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला इंद्रायणी उगम पावते. ती देहू-आळंदी करीत तुळापूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. त्याच डोंगरापलीकडच्या दरीतले पाणी उल्हास नदी होऊन कर्जत, बदलापूर, कल्याण पाहत वसईच्या खाडीत उतरते. पावसाचे दोन थेंब एकाच ढगातून निघावे आणि चार पावलांच्या अंतराने एकाला पूर्वसमुद्र मिळावा, दुसऱ्याला पश्चिम! हा पाणलोट बदलतो तो राजमाचीच्या वाटेवर, माची येण्याच्या आधीच. म्हणजे उधेवाडीचे सातबारे पुणे जिल्ह्यात, पण तिच्या पागोळ्या मात्र कोकणात जातात.

माणसाने तर याहून मोठी गंमत करून ठेवली आहे. लोणावळा, वळवण, शिरोता या टाटांच्या तलावांतले पाणी स्वभावाने पूर्वेला जाणारे. ते अडवून, नळांतून घाटाखाली सोडून खोपोलीला १९१५ साली वीज काढली, आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. तेव्हापासून इंद्रायणीच्या वाट्याचे पुष्कळ पाणी पाताळगंगेला मिळून अरबी समुद्राला जाते. नदीसारख्या नदीलाही हद्द बदलावी लागली, तेथे तुमची आमची काय कथा!

पोटाला विचारावे तर पोटाला हद्दच ठाऊक नाही. घाट उतरला की भात, असे देशावरचा माणूस समजतो. पण आमचे मावळ हे देशावरचे असून भाताचेच. आंबेमोहोर इथला, आणि त्याच्या वंशातला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला. तेव्हा वरही भात आणि खालीही भात. फरक असेल तर कालवणात.

माझ्या वर्गात गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'चा विषय निघाला, की एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, ती माची म्हणजे कुठली?" ती हीच राजमाची. दांडेकर तळेगावचे रहिवासी, या डोंगरांत मनसोक्त फिरलेले. ती कादंबरी वाचलेल्या मुलाला माची पाहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या बेतात म्हणून दोन विद्यार्थीही शिरले आहेत. ते पूर्वी तेथवर जाऊन आलेले असल्याने त्यांना 'माहितगार' ही पदवी आपोआप मिळाली.

यापुढे बेताची सूत्रे सौभाग्यवतींच्या हाती गेली. त्यांना बंगालच्या उपसागरात रस नाही. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. "अहो, अंधार किती वाजता पडतो? मध्ये पाणी कुठे मिळतं? आणि फोन लागतो का?"

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दरीत त्याच्याही आधी सावल्या पडतात. पावसाळ्यात पावलोपावली वाहणारे ओढे तोवर आटलेले असतात, म्हणून पाणी घरूनच न्यायचे, माणशी तीन लिटर, आणि उधेवाडीत पुन्हा भरून घ्यायचे. दरीत फोनचा भरवसा नाही. वाट मोठी आणि मळलेली आहे, पण उतारावर तिला गुरांच्या वाटांचे फाटे फुटतात आणि गुरांना कर्जतला जायचे नसते.

"मग पावसाळ्यात का नाही जायचं? तेव्हा सगळे जातात," कन्या म्हणाली.

सगळे जातात हे खरेच. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याला माणसांचाच धबधबा असतो. पण ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे बुडाली, त्यांत लहान मुलेही होती. आभाळ वर डोंगरावर कोसळते आणि लोंढा खाली हसतखेळत उभ्या असलेल्या माणसांवर येतो. ती बातमी आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. मार्गशीर्षातला कोरडा रविवारच धरायचा, हे एकमताने ठरले.

मग वेळापत्रक मांडले. साडेसहाला लोणावळा. साडेअकराला उधेवाडी. तेथे आधी सांगून ठेवले तर गावकरी पिठलेभाकरी करून देतात. कन्येला श्रीवर्धन हवा होता, मनरंजन हवा होता आणि लेणीही हवी होती. लेणी मलाही हवी होती. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते कोरीव काम, आणि कण्ह नावाच्या गुरूचा शिष्य बलक याने हे केले, अशा अर्थाचा तेथे कोरलेला ब्राह्मी लेख. कार्ले, भाजे, बेडसे घाटावर आणि कोंढाणे घाटाखाली. कल्याणच्या बंदरावरून निघालेला व्यापारी आणि भिक्षू याच डोंगरांतून वर येत. म्हणजे त्यांच्याही वाटेचे कोणी तरी वेळापत्रक मांडले होते, आणि ते दगडात. शेवटी दोन्ही किल्ल्यांवर काट मारावी लागली. किल्ल्यासाठी पुन्हा येता येते. उजेडाचे तसे नाही.

इतका वेळ माझी आई कोपऱ्यात वाती वळीत बसली होती. तिचे माहेर कर्जतजवळच्या एका खेड्यात. विसाव्या वर्षी तिला 'घाटावर दिली'. कोकणातल्या बायका हा शब्द 'परदेशी धाडली' अशा सुरात उच्चारतात. तेव्हापासून ती पन्नास वर्षे ही हद्द आगगाडीने ओलांडीत आली आहे, बोगदे मोजीत. ती एकदम म्हणाली, "मी आदल्या दिवशी दादाकडे जाऊन राहते. तुम्ही डोंगरावरून या. मी वाट बघते."

मग तिने आम्हांला कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. तिचे आजोबा सुकटीचे गाठोडे डोक्यावर घेऊन या वाटेने मावळातल्या बाजाराला चढत आणि येताना तूप, कधी घोंगडी घेऊन उतरत. "आजी दिवेलागणीला ओट्यावर येऊन बसायची. डोंगराच्या अंगावर कंदील दिसला की उठायची आणि आधणात तांदूळ वैरायची. नाही दिसला, तर तशीच बसून राहायची. एकदा ते तीन दिवस आले नाहीत. ताप भरला म्हणून माचीवरच कुणाच्या घरी पडून होते. निरोप द्यायला माणूस नव्हता. त्या तीन दिवसांनंतर आजी ओट्यावर बसेनाशी झाली. आत चुलीपाशी पाठ करून बसायची."

खोलीत कोणी काही बोलले नाही. मी वीस वर्षे मराठी शिकवतो, पण आपल्या भाषेत चालायची ती 'वाट' आणि पाहायची तीही 'वाटच', हे त्या दिवशी जसे कानांवर पडले तसे पूर्वी कधी पडले नव्हते. आम्ही इतका वेळ चालणाऱ्यांचा बेत करीत होतो. पाणी चालणाऱ्याचे, बूट चालणाऱ्याचे, उजेड चालणाऱ्याचा. चालणाऱ्याला आपण कोठे आहो हे प्रत्येक क्षणी ठाऊक असते. ओट्यावरच्या माणसाला काहीच ठाऊक नसते. निम्मा बेत तिच्यासाठी करायला हवा.

तेव्हा कागद उलटून मागच्या बाजूला नवा बेत लिहिला. दुपारी एक वाजेपर्यंत माचीवरून उतरायला लागलो नाही, तर त्या दिवशी उतरायचे नाही. कोणी कितीही आर्जवे केली तरी नाही. त्या हंगामात लोणावळ्याहून गावापर्यंत जीप येते. ती मिळाली तर परत, नाही तर गावात मुक्काम. उतरणार असू तरी आणि नसू तरी, एकच्या आत मामांच्या घरी निरोप गेलाच पाहिजे. गावात कोणाचा ना कोणाचा फोन लागतो, अशी माहितगारांची ग्वाही आहे. ज्यांना फोन करायचा ते नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर. पाच वाजता कोंदिवड्यात टमटम घेऊन मामांचा मुलगा. सहापर्यंत आम्ही दिसलो नाही, तर त्याने गावात विचारायचे आणि अंधार होण्याची वाट न पाहता मदत मागायची. लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र' ही मंडळी दऱ्याखोऱ्यांत हरवलेल्यांना रात्री-अपरात्री शोधून आणतात. ती उपकारी माणसे आहेत, म्हणूनच त्यांना आपल्या हौसेपायी झोपेतून उठवू नये.

दोघा माहितगारांपैकी एकाला एकची अट फार कडक वाटली. "सर, आम्ही तीनला निघून पण सातला खाली पोचलोय," तो म्हणाला. आईने त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, "घरी कोण होतं तुझ्या, बाळ?" त्याने मान खाली घातली. अट कायम झाली.

वाचकहो, सुटीत तुमच्यापैकी अनेक जण अशाच कोणत्या तरी घाटावर, गडावर जाल. अवश्य जा. जाण्यापूर्वी कोठून जाणार, किती वाजता परत फिरणार आणि किती वाजल्यावर काळजी करायची, हे तीन ओळींत लिहून घरी ठेवा. त्याला पैसा पडत नाही. घरचे माणूस मग घड्याळाकडे पाहत बसले, तरी निदान किती वाजता उठायचे ते त्याला ठाऊक असते.

आमचा कागद आता स्वयंपाकघरात कालनिर्णयाशेजारी डकवलेला आहे. येता-जाता त्यात भर पडते. कन्येने एका कोपऱ्यात श्रीवर्धनाचे चित्र काढले आहे, बहुधा निषेध म्हणून. सौभाग्यवतींनी 'बॅटरी दोन' असे लिहून खाली दोनदा रेघ ओढली आहे. आणि काल सकाळी पाहतो तो तळाशी आईचे वळणदार अक्षर : "एक वाजता निरोप. तांदूळ निरोप आल्यावरच धुवीन."