बाळू पालवणकर : विकेट घ्यायला चालतो, कप्तान व्हायला नाही

"खेळात जात नसते, तिथे फक्त मेरिट" हे वाक्य आम्ही उल्हासनगर-अंबरनाथच्या मैदानांपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत ऐकत आलोत. हे वाक्य फेकणाऱ्याला एकच नाव विचारा : बाळू पालवणकर.

चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टीची निगा राखायचा. ग्रेग या साहेबाला नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकायचा. फलंदाजी? ती मात्र त्याला करू दिली जात नसे. पुढे हिंदू संघाला जिंकायचं होतं म्हणून बाळू संघात आला. मैदानात त्याने हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालत होता, पण चहाच्या वेळी तो पॅव्हेलियनच्या बाहेर, आणि चहा मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! मनुवादाचं हे शास्त्र समजून घ्या.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाने सपाटून मार खाल्ला, पण बाळूने ११४ बळी घेतले. याहून मोठं मेरिट कुठून आणायचं? तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला कधी मिळालं नाही. १९२० मध्ये तर त्याला संघातूनच वगळलं आणि कप्तानपद दि. ब. देवधरांकडे गेलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर पडले. १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाला आणि संघ जिंकला. ही जागा मेरिटने मिळाली की मेरिटच्या जोडीला बंड लागलं, तुम्हीच ठरवा.

आता अवघड भाग. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांसमोर याच बाळूला उभं केलं. बाबासाहेब साधारण दोन हजार मतांनी जिंकले. त्याआधी पुणे कराराच्या वादातही बाळू बाबासाहेबांच्या बाजूला नव्हता. म्हणून आपले काही कार्यकर्ते म्हणतात, त्याचं नाव कशाला घ्यायचं?

आम्हाला हे पटत नाही. त्याचं राजकारण चुकलं, हे स्पष्ट बोलू. पण महाराविरुद्ध चांभार उभा करायची खेळी कुणाची होती? बाळूला आपण विसरलो तर ती खेळी आपणच पूर्ण करतो. आणि एक लक्षात घ्या, तरुण भीमरावांना या गोलंदाजाचा अभिमान होता. तो राग धरून बसण्याइतका कोता माणूस नव्हता.

देवधर ट्रॉफी पोरांना पाठ आहे. बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत जयंतीनिमित्त टेनिस बॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आमचं सांगणं आहे : या एप्रिलला उत्कृष्ट गोलंदाजाचं बक्षीस बाळू पालवणकरांच्या नावाने द्या, आणि देताना मातीच्या भांड्याची गोष्ट माइकवरून सांगा. १९३७ ची सुद्धा.